बाभळीच्या खोबणीतला दगड

माझं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, पण वाढलो मी माणात, दहिवडीच्या पलीकडं एका वस्तीवर, मामांच्या घरात. वडील लवकर गेले, शेती नव्हतीच, मग आईनं मला तिच्या पाठच्या भावाकडं धाडलं आन् म्हणली, ह्याच्या हातात काय तरी दे. मामांनी वस्तरा दिला. लगीच न्हाई दिला बरं का. आधी नुसतं चामोटं दिलं, म्हंजे वस्तरा शेवटाला ज्याच्यावर फिरवत्यात तो चामड्याचा पट्टा, त्याला तेल लावून मऊ ठेवायचं काम. मग दगड दिला. वस्तरा लय उशिरा. तुमी सलूनमधी बसता तवा तुमाला आरसा दिसतो, कात्री दिसती, पण आमचा सगळा धंदा खरा त्या दगडावर उभा हुता. धार लावायच्या दगडाला आमच्यात निसणा म्हणत्यात. आताच्या पोरांना ह्यो शब्द बी ठावं न्हाई. तुमी दगडाचंच इचारायला आलाय तर सांगतो, पण सांगता सांगता मी मधीच गप झालो तर समजून घ्या, कारण त्या दगडापायीच माझ्या जिवाला सध्या चैन न्हाई.

तसा मी मोजूनमापून वागणारा माणूस हाय. शालन, माझी मंडळी, ही मामांचीच लेक, ती म्हणती तुमी आमटीतलं मीठ बी तागडीत घालाल. पण ही सवय मला दगडानंच लावली. वस्तरा दगडावर जेवढ्या वेळा हिकडं सारायचा तेवढ्याच वेळा तिकडं. एक बाजू ज्यादा झाली की धार वाकडी जाती, आन् वाकडी धार डोळ्याला दिसत न्हाई, ती गिऱ्हाइकाच्या गालाला कळती. मामा शेजारी बसून बिडी ओढायचे, बघायचे सुदिक न्हाईत, नुसतं ऐकायचे आन् म्हणायचे, दत्त्या, डावीकडं कमी पडलं. मला वाटायचं ह्यांना मागनं बी डोळे हायेत का काय.

आता दगड वळखायचा कसा. आपल्याकडचा काळा फत्तर घर बांधायला चांगला, पायरीला चांगला, विळ्याला बी एक वेळ चालंल, पण वस्तऱ्याला न्हाई, त्याचा कण मोठा. वस्तऱ्याचा दगड पार जतच्या पलीकडनं, कर्नाटकाच्या अंगानं यायचा. तिकडं जमिनीत पाटीसारखे थर लागत्यात, त्यातला एखादाच थर असा निघतो की कण डोळ्याला दिसत न्हाई आन् नखाला लागत न्हाई. तो दगड घ्यायला मामा मला जतच्या बाजाराला घिऊन जायचे. एसटीनं म्हसवड, आटपाडी करत जायचं, फडक्यात भाकरी, आन् मामांच्या खिशात एक लिंबू.

लिंबाचं सांगतो, त्याची लय गंमत व्हायची. तितं कल्लाप्पा म्हणून एक दगडवाला ताडपत्री हातरून बसायचा. मामांना लांबनं बघितलं की शेजारच्या मिरचीवाल्याला म्हणायचा, आला बघ लिंबूवाला, आता माझ्या दगडाची दृष्ट काढणार. दृष्ट न्हवती काढायची. फरशीचा कडप्पा असतो बघा, सैपाकाच्या ओट्याला लावत्यात तो काळा, तो बी बाजारात निसणा म्हणून खपवायचे. हाताला अगदी गुळगुळीत, नख लावलं तर लोण्यागत, नवीन माणूस हमखास फसायचा. पण त्यानं पोलाद कापत न्हाई. दिवसभर घासा, वस्तरा चमकंल, धार यायची न्हाई. आन् त्याच्यावर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो, चुना असतो त्यात, फसफसतं. खरा निसणा लिंबाला दाद देत न्हाई, गप ऱ्हातो. म्हणून लिंबू. फसफसलं की मामा नुसता दगड खाली ठेवायचे आन् कल्लाप्पाकडं बघायचे, आन् कल्लाप्पा हसून म्हणायचा, मामा, ह्यो तुमच्यासाठी न्हवता. उरलेलं लिंबू आमी भाकरीसंगं खायचो.

लिंबू झालं की मग पाणी. दगड भिजवायचा आन् उन्हात ठिवून गप बघत बसायचं. चांगला दगड सगळीकडनं सारखा वाळतो. आत चीर असंल तर तेवढी एक रेघ वली ऱ्हाती, बाकीचा दगड कोरडा झाला तरी. मग दोन बोटांवर दगड तोलून धरायचा आन् दुसऱ्या हाताच्या बोटानं टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर एकसंध, बद्द वाजला तर आतून तुटलेला. शेवटाला त्याच दगडाचा लहान तुकडा घिऊन पाण्यात घासायचा, त्याचा चिखल होतो. चिखल दोन बोटात चोळायचा. रवाळ लागला तर परत. आन् मामा एक मोडका वस्तरा संगं न्यायचे, तो त्या चिखलावर चार वेळा फिरवायचे. चिखल काळा पडला तर दगड पोलाद खातोय. नुसता पांढरा ऱ्हायला तर दगड आळशी. आळशी हा मामांचाच शब्द.

मामांचा सोताचा जो दगड हाय, तो बी असाच घावला, पण तो इकायला मांडलेला न्हवता. वारं सुटलं हुतं म्हणून कल्लाप्पानं ताडपत्रीच्या कोपऱ्यावर वजनाला तो ठिवला हुता. आमी सांडलेलं पाणी त्याच्यावरनं गेलं, आन् बाकीचे दगड ठिपके ठिपके वाळत असताना त्यो एकटा सारखा वाळत आला, धुकं निघून गेल्यागत. मी मामांच्या धोतराला हात लावला. मामांनी माझा हात बाजूला केला, आन् दुसऱ्याच एका दगडाची घासाघीस करत बसले, लय येळ, आन् उठताना सहज म्हणल्यासारखं म्हणले, ह्यो वजनाचा बी दिऊन टाक. कल्लाप्पा काय खुळा न्हवता. कल्लु छलो अद मामा, म्हणला, म्हंजे दगड चांगला हाय, मला बी ठावं हाय. पण दिला. येताना एसटीत मामांनी तो मांडीवर घेतला हुता आन् मी मधनंमधनं हात लावत हुतो, आन् मामा म्हणत हुते, झिजवशील रं आताच.

हिरवट राखाडी रंग, वीतभर लांब, चार बोटं रुंद. मामांनी त्याला बाभळीच्या लाकडाची खोबण केली, त्यात तो घट्ट बसायचा. आन् वापरून वापरून मधी त्याला पोट पडलं, म्हंजे मधी झिजून खोल झाला, व्हडीसारखा. मामांच्या हाताचं वळण त्याला पडलं.

मग काय झालं तुमाला ठावं हाय. रोगराईची भीती आली, गिऱ्हाईक म्हणायला लागलं ब्लेड नवीन लावा, ते बरोबर बी हाय. वस्तरे गेले, दगड गेले. मी साताऱ्याला आलो, स्टँडच्या मागं दुकान टाकलं. निसणा बांधून वर माळ्यावर ठिवला. पण गेल्या काही वर्षात एक नवीनच झालंय. पुण्यामुंबईची शिकलेली पोरं जुना वस्तरा हौसेनं वापरत्यात, त्यांना धार लावता येत न्हाई, ती माझ्याकडं वस्तरे कुरिअरनं पाठवत्यात, आन् दगड बी मागत्यात. मग मी जुन्या घरांतनं दगड शोधायला लागलो. एका घरात निसणा दाराला टेकण लावलेला, एका घरात त्याच्यावर लसूण ठेचत हुते. मी त्यांना आधी सांगायचो, बाबांनो, ह्यो काय हाय ते ऐका, आन् मग द्यायचा का न्हाई ते ठरवा. एका म्हातारीनं तर सगळं ऐकून घेतलं आन् दगड परत चुलीमागं ठिवला, म्हणली, एवढा चांगला हाय तर ऱ्हाऊ दे मग. मी हसत आलो. फसवून मी एक दगड घेतला न्हाई कुणाचा. म्हणून तर हे जास्ती लागतंय.

मामांचं वय आता ऐंशीच्या पुढं. मामी न्हाईत. पोरगा मुंबईला, घरी सून, सुमनवैनी. मामांना साखरेचा त्रास, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं आता हुईल मग हुईल करत ऱ्हायलं, उजेड आन् सावली तेवढी कळती. हात कापतो, चहाची बशी धरता येत न्हाई. पण सकाळी आंघोळ झाली की ओसरीला बसायचं, खोबण पुढ्यात घ्यायची, पाण्याचा हात मारायचा आन् जुना वस्तरा दगडावर फिरवायचा, हे चालूच. कुणाची दाढी करायची न्हाई, कुठं जायचं न्हाई, नुसती धार लावायची. आन् काय सांगू तुमाला, दगडावर हात टेकला की कंप थांबायचा. मी सोमवारी दुकान बंद असतं तवा जायचो, समोर बसून बघायचो, बशी न धरणारा हात दगडावर असा जायचा की बघत ऱ्हावं. मग माझ्या हाताच्या केसावर वस्तरा टेकवायचे, केस उडायचा, आन् म्हणायचे, अजून हाय.

दिवाळीच्या आधी वैनीचा फोन आला. दाजी, येताय का जरा. गेलो. मामांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. वैनी म्हणली, सकाळी रांगोळी काढून आत आले तर मामंजींच्या धोतरावर सगळं रगत, आन् हे आपले घासत्यात, मामंजी म्हणलं अंगठा कापला, तर म्हणत्यात कुणाचा. दाजी, ह्यांना कळलंच न्हाई. साखरेनं बोटं बधिर झाली हुती. वैनी म्हणली, मी वस्तरा लपवून बघितला, तर दिवसभर घरभर चाचपडत फिरले, उतरंडीतली मडकी खाली काढली, जेवले न्हाईत. वस्तरा बोथट करून ठिवला, तर दोन दिवसात दगडावर परत धार लावली. तुमीच काय तरी करा, तुमचं ऐकत्यात.

माझं ऐकत्यात, म्हणून तर मी सांगायला पायजे हुतं. मामा, बोटं बधिर झाली, आता बास. एवढं एकच वाक्य. ते माझ्या तोंडातनं निघालं न्हाई. मी वैनीला म्हणलं, दगड बदलतो. तिला पटलं. कडप्प्याचा तुकडा त्या खोबणीत बसवायचा, मामांनी रोज घासायचं, वस्तऱ्याला धार यायची न्हाई, बोट कापायचं न्हाई, आन् मामांचा नेम बी मोडायचा न्हाई. हिशेब अगदी बरोबर हुता बघा. मला असे हिशेब लगीच सुचत्यात.

साताऱ्यात एका गवंड्याकडनं ओट्याचा तुकडा आणला, मशीनवर कापून घेतला. दुपारी दुकान बंद असतं तवा वाळूवर घासून त्याची चमक मारली, मधी पोट पाडलं, अगदी मामांच्या दगडाला पडलंय तेवढंच, पत्र्याचा साचा करून. काम म्हणून सांगायचं तर उत्तम झालं. सोमवारी मामा परसाकडं गेले तवा बदलला. खोबण तीच, त्यामुळं हाताला लाकूड तेच लागणार. खरा दगड माझ्या पिशवीत.

शालनला मी सांगितलं, वैनीनं सांगितलं म्हणून केलं, रगत निघत हुतं म्हणून केलं. ते खरं हुतं. पण सगळं खरं न्हवतं. साताऱ्याला आलो, हातपाय धुवायच्या आधी पिशवी सोडली, दगडावर पाणी टाकलं, आन् माझा वस्तरा त्याच्यावर ठिवला. एवढ्या वर्षांत लय दगड हातनं गेले, पण असा न्हाई. वस्तरा पाण्यावर गेल्यागत जातो आन् तरी खाली धरून ठिवतो. मी माझ्याच हातावरचा केस उडवला आन् मला आनंद झाला. लाज वाटायला पायजे हुती तितं आनंद झाला. शालन चहा घिऊन उभी हुती. ती म्हणली, आण्णांचा दगड का, मामांना ती आण्णा म्हणती. मी म्हणलं, व्हय. तिनं चहा ठिवला आन् गेली.

पुढच्या सोमवारी गेलो. मामा घासत हुते. माझ्या हाताला वस्तरा लावला, केस वाकला, उडला न्हाई. मामा म्हणले, पाणी बदललं वाटतं, टँकरचं पाणी हाय, त्यात क्षार हायेत. त्याच्या पुढच्या सोमवारी म्हणले, चामोटं वाळलंय, तेल आण. मी तेल नेलं. काय करणार, नेलं. मग म्हणले, वस्तऱ्याचं पोलाद मेलं, दुसरा बघ. मी दुसरा वस्तरा नेला, माझ्याकडचा चांगला, आन् बोथट करून नेला. हे तुमाला सांगताना सुदिक मला कसंतरी हुतंय. पाणी झालं, चामडं झालं, पोलाद झालं, सगळ्यावर मामांनी संशय घेतला. एकदा मी म्हणलं, लय भीत भीत म्हणलं, मामा, दगडच तर बिघडला नसंल. तर मामा हसले. दगड कवा बिघडतुय व्हय रं, दत्ता. तुला एवढी वर्षं काय शिकिवलं मी.

दगडावर आन् माझ्यावर, दोघांवरच त्यांनी संशय घेतला न्हाई.

संक्रांतीच्या सुमाराला गेलो तर खोबण भिंतीला उभी करून ठिवलेली. मामा ओसरीवर बसलेले, हात मांडीवर, कापत हुते. म्हणले, हात गेला रं दत्ता. एवढंच. रडले न्हाईत, काय न्हाई. भाव सांगितल्यागत सांगितलं. मग म्हणले, ती हत्याराची धोकटी घिऊन जा, वस्तरे, चामोटं, सगळं घिऊन जा, हितं काय कामाचं. वैनी दारात उभी हुती. मला बाहेर घिऊन आली आन् म्हणली, दाजी, धा दिवस झालं नीट जेवत न्हाईत, पारावर जात न्हाईत, कुणी आलं तर तोंड फिरवत्यात. दगड परत आणा. रगत गेलं तर मी चिंधी बांधीन. पण हे नगं.

घरी शालनशी बोललो. शालन म्हणली, आवं, जसा बदलला तसाच गपचिप परत ठिवा. आण्णा एक दिवस परत घासायला बसतील, धार यील, म्हणतील हात परत आला. संपलं. तुमी तोंड उघडू नका. मी म्हणलं, म्हंजे आणखी एक लबाडी. ती म्हणली, लबाडी तर लबाडी, पण ही त्यांच्या बाजूची हाय.

तिचं बरोबर हुतं. मला त्या दिवशी बी कळत हुतं तिचं बरोबर हाय. पण मी इतके सोमवार ते पोटात धरून बसलो हुतो, मला झोप न्हाई, गिऱ्हाइकाच्या गळ्याला ब्लेड लावताना माझं ध्यान न्हाई. मला वाटलं, खरं सांगावं, मामा चार शिव्या देतील, मग म्हणतील हात माझा शाबूत हाय, तूच चोर हायेस. त्यांचा हात त्यांना परत मिळंल आन् माझं बी सुटंल. परत हिशेब. तो बी मला बरोबर वाटला.

गेलो. दुपारची येळ, ओसरीवर ऊन आलेलं. मी पिशवीतनं दगड काढला, भिजवून आणला आन् मामांच्या हातात दिला. म्हणलं, मामा, जरा बघा. मामांनी मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, पोटावरनं हात फिरवला, चांगला दोनदा फिरवला. आन् म्हणले, ह्यो कुठला आणलास, जतचा का.

मला तवाच उठून जायला पायजे हुतं. व्हय मामा, जतचाच, म्हणायला पायजे हुतं, ते खोटं बी न्हवतं. पण मी ठरवून आलो हुतो. मी म्हणलं, मामा, ह्यो तुमचा. तुमचाच हाय. त्या खोबणीतला कडप्पा हाय, मी दिवाळीआधी बदलला. सगळं सांगितलं, अंगठ्याचं, वैनीचं, साच्याचं, सगळं.

 मामांनी अंगठा परत फिरवला दगडावर. मग म्हणले, सुमन, घरात लिंबू हाय का गं. वैनीनं कापून आणलं. मामांनी खोबण पुढ्यात वढून घेतली आन् चाचपडत त्यातल्या कडप्प्यावर लिंबू पिळलं, हात कापत हुता, निम्मं खोबणीवर सांडलं. पार खाली वाकले, नाक टेकंल एवढं. दिसत न्हाई त्यांना. मग मान न वर करता मला इचारलं, फसफसतंय का रं.

मी बघितलं. काळ्या दगडावर बारीक पांढरे बुडबुडे. म्हणलं, व्हय मामा.

दुसरी फोड मामांनी त्यांच्या खऱ्या दगडावर पिळली आन् इचारलं, ह्याच्यावर.

न्हाई मामा. गप हाय.

ते सरळ बसले. म्हणले, तू म्हणतुयास तर हाय.

जतच्या बाजारात कल्लाप्पानं शपथा घेतल्या तरी ह्या माणसानं त्याच्यावर इस्वास ठिवला न्हवता, खिशात लिंबू ठिवलं हुतं. आन् आता लिंबू फसफसतंय का ते बी त्यांना माझ्या डोळ्यानं बघायला लागलं, आन् मी कोण, तर दगड बदलणारा.

थोड्या येळानं म्हणले, माझं बोट वाचावं म्हणूनच केलंस न्हवं. मला व्हय म्हणता आलं असतं. मी म्हणलं, तेवढंच न्हवतं मामा, दगड मला बी पायजेल हुता. तर हसले. म्हणले, ते मला ठावं हाय रं, एसटीत बसल्यापासनं तुझी नजर हाय त्याच्यावर. मागितला असतास तर दिला असता. मग हसू गेलं. स्वतःची बोटं एकमेकावर घासून बघितली, चिखल बघावा तशी, आन् म्हणले, हात गेला म्हणून मी मनाची समजूत घातली हुती, म्हातारपणी हात जातोच. पण बोटाला सोताचा दगड बी कळंना, एवढं मला सांगायला नगं हुतं.

शिवी न्हाई दिली. मी वाट बघत हुतो, दिली न्हाई.

शालनला सांगितलं तवा ती म्हणली, तुमी तुमचं वझं उतरून आण्णांच्या डोक्यावर ठिवून आलाय. दोन दिवस बोलली न्हाई. आता बोलती, पण दुकानात तो दगड काढला की आत जाती.

हो, दगड माझ्याकडंच हाय. मी परत नेला हुता, मामांनी घेतला न्हाई. म्हणले, जितं कळतोय तितं ऱ्हाऊ दे. आन् कडप्पा ठिवून घेतला. तुमाला खरं वाटणार न्हाई, रोज सकाळी परत बसत्यात त्याच्यावर घासायला, ठावं असून. वैनीनं इचारलं, मामंजी, त्याच्यानं धार येत न्हाई न्हवं, तर म्हणले, कुणाची दाढी करायची हाय मला. जेवत्यात आता. पारावर बी जात्यात कवामवा. वैनी म्हणती, बरं झालं दाजी, रगत बी न्हाई आन् रुसवा बी न्हाई. ती खूश हाय. हिशेब तिच्या बाजूनं जुळला.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं ह्या दगडाचा फोटो बघितला, लय मागं लागलाय. त्याला न्हाई म्हणलं. हा बघा, धरा हातात. पाणी टाकतो. आता बघत बसा कसा वाळतो ते. मी गिऱ्हाइकांचे वस्तरे ह्याच्यावर लावत न्हाई, ह्याच्यावर एकच वस्तरा लागतो, मामांचा. रविवारी लावतो आन् सोमवारी घिऊन जातो. मामांना ओसरीवर बसवायचं, साबण लावायचा आन् दाढी करायची. मामा हनुवटी वर करत्यात, डोळे मिटत्यात. हात हलका हाय तुझा, म्हणत्यात, असाच ऱ्हाऊ दे, म्हातारा हुईस्तोवर असाच ऱ्हाऊ दे. आशीर्वादच की तो, मला गळ्याखाली उतरत न्हाई एवढंच. आन् पुसून झालं की गालावरनं बोटं फिरवत दर सोमवारी इचारत्यात, आज कुठल्या दगडावर लावलास रं.

मी म्हणतो, तुमच्याच, मामा.

मामा म्हणत्यात, तू म्हणतुयास तर हाय.